वाय-फाय लावायच्या पायऱ्या

दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंचे कान काउंटरकडेच लागले होते. तिथं एक आजोबा दुकानदारापुढे लॅपटॉप सरकवत होते.

"विंडोज काढून लिनक्स कोणी टाकलं, काका?"

"मुलानं. सुट्टीत आला होता. म्हणाला, आता व्हायरसची कटकट नाही."

"पण वाय-फायचा ड्रायव्हर टाकलाच नाही त्यानं."

"तो गेल्यावर कळलं. फोन केला, तर म्हणाला, सगळ्या पायऱ्या मेल केल्यात, वाचा."

"नेटच नाही, तर मेल उघडणार कसा?"

"तेच विचारलं. माझा फोन बटणांचा. म्हणाला, मीटिंगमध्ये आहे."

"कधीची गोष्ट?"

"चार महिने झाले."

"थांबा, माझ्या फोनचं नेट वायरनं देतो... हं, बसला ड्रायव्हर. मुलाचा मेलही आला बघा. बारा पायऱ्या आहेत."

"चष्मा घरी राहिला. शेवटी काय लिहिलंय?"

"राहू द्या ना काका. वाय-फाय लागलं की."

"वाचा हो."

"नाही जमलं तर दुकानात दाखवा. मला सारखा फोन करू नका."

आजोबांनी लॅपटॉप मिटला.

"मग बरोबरच वागलो मी. त्यानंतर एकदाही नाही केला."