मेव्हण्याची फुंकणी

उतर नीचे शराबी, अभी के अभी उतर! आमचा सुपरवायझर बसच्या दारात उभा राहून असा ओरडत होता की तिकडे मेसईदच्या बंदरातली जहाजं दचकून मागे सरली असतील. मागे सगळी बस कामगारांनी भरलेली, त्यांची शिफ्ट चुकत होती. आणि शराबी कोण? तर मी! काय सांगू तुम्हाला, मी दापोलीकडचा, आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा आजोबा आधी स्वतः हुंगायचे आणि मगच आम्हा पोरांना पाजायचे. बाप जहाजावर खलाशी, सगळी दुनिया फिरला पण बाटलीला शिवला नाही, त्याचा मी मुलगा. कतारात बस चालवतोय तेव्हापासून, जेव्हा इथे उंटाला ओव्हरटेक करावं लागायचं.

हे सगळं केलं सलीमने. सलीम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, मीच त्याला इथे आणला, साप आणला. पिऊन गाडी चालवली, खांबाला ठोकली, कोर्टाने शिक्षा दिली, ती भोगून आला. मला वाटलं आता जाईल घरी, तर नाही, मोठ्या बसचे ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून कंपनीने ठेवून घेतला, पण अट घातली, तुझ्या बसला मशीन लागणार. नळीत फुंकायचं, मशीनला दारूचा वास आला की इंजिन चालूच होत नाही, वर तुमचा फोटो ऑफिसात जातो. मी त्याला फुंकणी म्हणतो. आता बस एक, सकाळी माझी, संध्याकाळी त्याची, म्हणजे पाप त्याचं आणि चूल फुंकायची मी! त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, सलामसुद्धा भिंतीला करायचो.

तर त्या सकाळी रूमवरच्या करीमने लेकीचं लग्न ठरलं म्हणून तांदळाची गोड सांदणं वाफवून काढलेली. गावाला माडाची ताडी, म्हणजे माडी, घालून फुगवतात, इथे यीस्ट टाकून पीठ रात्रभर ठेवलेलं, असं फुगलं होतं की पातेल्याचं झाकण छताला लागलं. मी डझनभर तर उभ्याउभ्याच खाल्ली, शेवटचं तोंडात कोंबून बसमध्ये चढलो आणि फुंकलं. लाल दिवा. परत फुंकलं. लाल. फोटो गेला, सुपरवायझर आला. मी म्हणतोय सांदण खाल्लं, सांदण, तो म्हणतो कौनसी दारू है ये? आज के आज पासपोर्ट पे ठप्पा, खलास! बहीण गावात काय ऐकणार, नवरा दारुडा आणि भाऊपण?

तेवढ्यात तो साप आला पाण्याची बाटली घेऊन. सुपरवायझरला म्हणाला, साहेब, मशीन बसवताना मला शिकवलंय, तोंडात आंबलेलं खाणं असलं तरी लाल होतं, चूळ भरून पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायचं, खरंच प्यायला असेल तर परत लालच येईल. मी चुळा भरल्या, इतक्या की एशियन टाउनच्या पार्किंगमध्ये होडी चालली असती. पंधरा मिनिटं मागची माणसं मला शिव्या देत होती, पुढून सुपरवायझर, मी मधे. मग फुंकलं.

हिरवा.

सुपरवायझर सॉरी म्हणाला? त्याच्या सात पिढ्या म्हणाल्या नसतील. यल्ला यल्ला, चला चला करत निघून गेला. मी इंजिन चालू केलं आणि सलीमवर असा भडकलो की इंजिनचा आवाज ऐकू येईना. म्हटलं, नालायका, ही गोष्ट तुला इतके दिवस माहीत होती, मला आधी सांगायला जीभ झडली होती तुझी?

त्याने बाटलीला झाकण लावलं. म्हणाला, भाई, तुम्ही माझ्याशी बोलताय कुठे.