बँडच्या आधी नाचलेली घोडी

चांदणीचं सांगतो, ऐका. निफाडच्या एका लग्नात नवरदेव बसायच्या आधीच माझी ही घोडी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून कुशीकडे बघायला लागली. वऱ्हाडी ओरडले, "काय नाचते हो!" मलाही कौतुक वाटलं. तेवढ्यात ढोलवाला म्हणाला, "बाबा, आम्ही अजून वाजवलं कुठंय?"

मी चरकलो. कुशीला कान लावला. घोड्याचं पोट सदा गुरगुरत असतं. हिचं गप्प होतं. पोटशूळ! "नवरदेव, पायी जा. हिच्या जिवावर बेतलंय."

गुरांच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध दिलं.

लग्न लागताच नवरदेव धावत आला. "बाबा, वाचली ना?" मी त्याचा कान कुशीला टेकवला. आत ढग गडगडत होते. फेटा पडला तरी तो हलेना.

"लय बोलते हो ही!"

"बोलू द्या," मी म्हणालो. "गप्प बसली की भ्यायचं."