चालू फोन पुसला ती दुपार

मी मूळची उमरेडची, विणकराच्या घरची. चौथी झाली अन् आईनं मले मागाच्या कांड्यांवर सूत भरायले बसवलं, शाळा तिथंच संपली. बाबा मागाच्या ताण्याले, म्हणजे उभ्या सुताले, खळ लावत अन् मले सांगत, हात वरून खाली, दाबून, एका ओढीत, मधे थांबायचं नाही. माग गेला, लग्न होऊन मी नागपूरले आली, पण हाताची ती ओढ काही गेली नाही. काय सांगू तुम्हाला, त्या ओढीनंच एक दिवस घात केला.

धरमपेठेत आजींकडे मी सहा वर्षं झाली कामाले आहे. आजी एकट्याच राहतात. मागच्या हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला, तवापासून त्यांच्या पुण्याच्या मुलीनं, मी तिले ताई म्हणते, मले सगळं शिकवलं. रिमोट, बीपीचं मशीन, मोबाईल, दर शनिवारी स्पिरिटनं पुसायचं. आधी बंद करायचं, स्पिरिट कपड्यावर घ्यायचं, वस्तूवर नाही. मी हे विसरणार नाही, कारण आधीच्या घरी मी टीव्हीवर सरळ फवारा मारला होता, पडद्यावर ढग उमटले अन् त्याच दिवशी मले कामावरून काढलं.

तर त्या शनिवारी ताईले दवाखान्यात भरती केलं होतं, पहिलं बाळंतपण. जावई फोन करणार होते. आजी सकाळपासून मोबाईल हातात घेऊन बसल्या होत्या. आंघोळीला जाताना मोबाईल मले देऊन म्हणाल्या, सुमन, तेवढ्यात पुसून घे, शिंकून शिंकून घाण केलाय मी. मी बंद करायले गेली, मग वाटलं, बंद केला अन् तेवढ्यात फोन आला तर? म्हणून चालूच पुसला. वरून खाली, दाबून, दोनदा.

अकरा वाजले, बारा वाजले, फोन नाही. आजींनी लावून पाहिला, लागेना. म्हणाल्या, तिथं काहीतरी झालंय, सुमन. मी पोळ्या लाटून राहिली होती, हात तिथंच थांबले. मी पुसल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता, हे मलेच माहीत होतं. माझा बटणांचा फोन पिशवीत होता, त्यावरून लावता आला असता. पण पिशवीत हात घालायचा म्हणजे सांगावं लागणार, तुमचा फोन मी बिघडवला. मी पोळ्या लाटत राहिली, लाटत राहिली. आजी देवापाशी बसल्या, उठल्या, जेवायले नको म्हणाल्या. मग बीपीचं मशीन दंडाले लावलं अन् म्हणाल्या, तूच पाह्य वं आकडा, माझी हिंमत नाही. आकडा लई चढला होता. मग मले राहवलं नाही.

आजी, फोन मी चालूच पुसला, म्हटलं. तोच बिघडला असेल, ताई बरी असेल.

आजींनी दंडाचा पट्टा काढला. काहून गप्प होतीस इतका वेळ? एवढंच बोलल्या. मी पिशवीतून फोन काढला, त्यांनी जावयांचा नंबर वाचून दाखवला, माझा एक आकडा चुकला, पुन्हा लावला. जावयांनी पहिल्याच घंटीले उचलला अन् ओरडलेच, अहो आई, कुठं होतात, दोन तासांपासून लावतोय, मुलगी झाली, दोघी छान आहेत! आजी रडल्या, मीही रडली. मग जावयांनी विचारलं, आईंच्या मोबाईलवर वरच्या बाजूले विमानाचं चित्र दिसते का? होतं. माझ्याच ओढीत वरची पट्टी खाली सरकली होती अन् ते दाबलं गेलं होतं, मग फोन कुठून येणार. जावयांनी सांगितलं तशी पट्टी ओढून त्याच्यावर बोट ठेवलं अन् फोन वाजतच राहिला.

पुढचे तीन शनिवार आजींनी मोबाईल स्वतःच पुसला. मी मान खाली घालून रिमोट पुसायची. चौथ्या शनिवारी त्यांनी मोबाईल बंद केला, काळा झालेला पडदा मले दाखवला अन् हातात देऊन म्हणाल्या, घे, पण आडवा पूस.

आता नात फोनमध्ये दिसली की आजी पडद्याचाच मुका घेतात, सगळा ओला करून ठेवतात. बोलणं संपलं की मी म्हणते, द्या आजी, आधी बंद करू द्या. पोरीले माझं आयुष्य लागो.