न खेळलेल्या खेळाची किंमत

वडील : लिहून ठेवा! शिस्त ही जगातली एकच गुंतवणूक अशी आहे, जिला गंज लागत नाही, वाळवी लागत नाही आणि जी—

दुकानदार : काका, कोपर तेवढं काढा काचेवरून. तडा गेलाय तिला.

वडील : काढलं. आणि जी कधी बुडत नाही. आता सांगा, जुने व्हिडिओ गेम घेता ना तुम्ही? या डब्याचं काय द्याल?

मुलगा : डबा नाही तो, बाबा. गेम आहे. माझा गेम!

दुकानदार : कोणाचा ते आधी घरचं घरात ठरवा. मागच्या महिन्यात दोन भाऊ असेच भांडले आणि स्टूल मोडलं माझं.

वडील : पावती माझ्या नावावर आहे.

मुलगा : आणि वाढदिवस माझा होता, पंधरावा! सगळ्यांसमोर हातात दिलात, टाळ्या घेतल्यात आणि पाहुण्यांनी चपला घालायच्या आत परत काढून घेतलात.

वडील : काढून नाही घेतला, राखून ठेवला. परीक्षेत सत्तर टक्के मिळाले की गेम मिळेल, असं स्वच्छ सांगितलं होतं.

मुलगा : एकोणसत्तर पूर्णांक आठ मिळाले होते हो!

वडील : सत्तर म्हणजे सत्तर.

मुलगा : ऐकलंत? सव्वीस वर्षं हेच ऐकतोय मी. डोक्यावरचे केस गेले माझे, पण ते दोन दशांश काही जात नाहीत.

दुकानदार : आणा इकडे, बघू तरी. अरे बापरे! हा तो मारामारीचा गेम, पहिल्या खेपेतला! पुढे कंपनीने डब्यावरचं चित्र बदललं. आणि हा अजून प्लास्टिकमध्ये?

वडील : जसा आणला तसा.

दुकानदार : मग काका, याच्या पैशात नवी कोरी मोटारसायकल घ्या.

वडील : ऐकलंस? शिस्त!

मुलगा : आणि उघडून खेळलेला असता तर?

दुकानदार : मोटारसायकलचं हेल्मेट.

मुलगा : वा! म्हणजे ज्यांनी खेळून खेळून अंगठ्याला घट्टे पाडून घेतले ते खुळे, आणि ज्याने खेळाला हात लावला नाही, लावू दिला नाही, तो जाणकार! आणि हा विकत घेणारा महाभाग तरी खेळेल का?

दुकानदार : छे, वेडे की काय! तो आधी तपासणीला पाठवेल. तिथे डब्याला दहापैकी मार्क देतात. मग काचेच्या पेटीत ठेवून भिंतीवर. साडेनऊ सहज पडतील याला.

मुलगा : पंच्याण्णव टक्के? डब्याला? नुसता कपाटात बसून? मी पहाटे चारला उठून—

वडील : डब्याने कधी उलट उत्तर दिलं नाही.

मुलगा : बाबा!

दुकानदार : दादा, जरा दमानं. भिंगाखाली धरतो, काका, रागावू नका, सगळ्यांचंच बघतो. हं... कारखान्यातल्या प्लास्टिकचा जोड मागच्या बाजूला सरळ असतो. हा बाजूला आलाय. कोपरे दुमडून त्रिकोण केलेत. फार सुबक घडी आहे हो. काका, नोकरी कुठे केलीत?

वडील : पार्सल खात्यात. बत्तीस वर्षं. माझ्या हातचं पार्सल कधी फुटलं नाही.

दुकानदार : ते दिसतंयच.

मुलगा : काय दिसतंय?

दुकानदार : प्लास्टिकच्या आत, झाकणाच्या जोडावर पेन्सिलीने बारीक लिहिलंय. वाचू? ‘उघडले. तपासले. बंद केले.’ खाली सही, तारीख तीन एप्रिल.

वडील : मी चष्मा विसरलोय घरी.

मुलगा : नाकावर आहे तुमच्या! पुढे वाचा हो.

दुकानदार : ‘चार एप्रिल. उघडले. तपासले. बंद केले.’ पाच एप्रिलला दोनदा. सहा, सात... एकूण एकवीस नोंदी आहेत, दादा. रविवारची सुट्टी पाळलीय.

मुलगा : एप्रिलमध्ये माझी परीक्षा होती! आणि गेमचं मशीन? ते दुरुस्तीला दिलंय म्हणाला होतात! आतल्या खोलीतून धाडधाड आवाज यायचा, तर म्हणालात, शेजारी कपाट सरकवतायत!

वडील : मुलाच्या हातात काय पडणार ते बापाने तपासायला नको? मारामारीचा खेळ तो.

मुलगा : एकवीस वेळा?

वडील : संशय फिटत नव्हता.

मुलगा : आणि दर वेळी नवं प्लास्टिक? खात्यातून उचललंत?

वडील : तोंड सांभाळ! स्वतःच्या पैशाने आणलं. पावत्या आहेत.

मुलगा : आणि चोरून खेळायचं तर सह्या कशाला ठोकल्यात?

वडील : उघडलेलं पार्सल सही न करता बंद करायचं? मी काय चोर आहे?

दुकानदार : काका, सह्यांनी घात केला. पेन्सिल खोडली तरी खुणा राहतात. हेल्मेट नाही, आता हेल्मेटचा पट्टा येईल फार तर.

वडील : नको पट्टा. घे रे, तुझा तू. फाड ते प्लास्टिक.

मुलगा : आता? किंमत गेल्यावर? सव्वीस वर्षं दोन दशांशांसाठी मला नालायक ठरवलंत! निकालाच्या दिवशी मी न जेवता झोपलो, आठवतंय? त्याच दिवशी का नाही दिलात? खरं सांगा.

वडील : द्यायचाच होता.

मुलगा : मग?

वडील : त्यात आठ जण आहेत मारायला.

मुलगा : ठाऊक आहे. मासिकात वाचून पाठ होते मला.

वडील : तो पहिला आहे ना, लाल पट्टीवाला. सगळ्यात कच्चा म्हणतात तो.

मुलगा : बरं, त्याचं काय?

वडील : तो काही मरेना माझ्याच्याने.

मुलगा : एकवीस खेपांत एकदासुद्धा नाही?

वडील : आल्या आल्या पायावर लाथ घालायचा. मी आपला उभा. वाटलं, तुला दिला तर तू पहिल्याच संध्याकाळी आठही जणांना लोळवशील. आणि मी तिथेच, खुर्चीत, पेपर धरून बसलेला असेन. म्हटलं, आधी एकाला तरी पाडू, मग देऊ.

दुकानदार : मशीन आहे इथे माझ्याकडे. लावून बघताय?

मुलगा : लावा! सव्वीस वर्षांचा हिशेब आज चुकता होऊ दे. या तुम्ही समोर, बाबा. दया दाखवणार नाही मी!

वडील : नको दाखवूस. फक्त एवढं सांग, उडी कुठल्या बटणाने मारतात?