गोल वाट आणि सुतातला बाण

...नाही नाही, हसा, खुशाल हसा, तुमचे गुडघे शाबूत आहेत, तुमचं काय जातंय. माझ्या गुडघ्यांना विचारा. तुम्हाला सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. स्टुलावर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्यानं एवढासा स्क्रू उचलायचा, दिवस संपला. गोल गोल फिरायचं काम काट्यांचं, आपलं नाही. आणि अशा माणसाला रविवारी सकाळी सहाला हलवून उठवते बायको आणि म्हणते, "बूट घाला. तुम्ही आणि बाबा जंगलात फिरायला जाताय. दोन ओढे, मध्ये एक घळ, सात लाकडी पूल, दीड तासाची फेरी, निघालात तिथंच परत. गोल वाट आहे हो, चुकायचा प्रश्नच नाही."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. मला तर ते आता झोपेतही ऐकू येतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. बोर्ड रंगवायचे. चाळीस वर्षं. अख्ख्या गावातली दुकानं, दवाखाने, शाळा, 'येथे वाहने लावू नयेत' पासून 'आत या' पर्यंत सगळं यांच्या हातचं. मग आलं मशीन. मशीन दहा मिनिटांत बोर्ड छापतं आणि वर तुमचा फोटोही टाकतं. दुकान बंद झालं, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि हा माणूस दोन वर्षं खिडकीपाशी बसून समोरच्या औषधाच्या दुकानाचा बोर्ड वाचतोय. वाचतोय म्हणजे काय, त्याच्याशी भांडतोय. "काना बघा, काना. काना आहे का काठी आहे?" जेवायचं भान नाही, दोनदा जिन्यावरून पडले, आणि लेक म्हणाली आमच्याकडे राहायला चला, की एकच, "बघू." तीनदा विचारलं तिनं. तीनदा "बघू".

तेव्हा बायकोचा बेत असा, की जावयानं विचारायचं. "लेकीला नाही म्हणता येतं, जावयाला नाही म्हणता येत नाही. चालता चालता सहज विषय काढा. आणि न विचारता घरी यायचं नाही." बोलताना हसत होती, पण रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती... ती तशी करायला लागली, की मी मुकाट्यानं बूट घालतो.

बरं, मला वाटलं म्हातारा यायचाच नाही. तर बायकोनं दोन दिवस आधीच त्यांच्याकडे जाऊन त्या जंगलाचं माहितीपत्रक पुढं ठेवलेलं, त्यावर फोटो, ओढा, झाडं, पिवळ्या बाणाचा एक दगड... यांनी तो फोटो पाच मिनिटं डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "जाऊ." सांगताना बायकोला भरून आलं. म्हणाली, बघा, निसर्गाची ओढ. मीही म्हटलं, हो, निसर्गाची ओढ. माणूस किती भोळा असतो बघा.

पोचलो. फाटकापाशी एक रखवालदार, पुढ्यात वही, आत जाणाऱ्याचं नाव लिहून घेतो, बाहेर येणाऱ्याच्या नावापुढे खूण करतो. मी विचारलं, वाट सोपी आहे ना? वहीतून मान वर न काढता, एका सुरात, "पिवळे बाण बघत जायचं, गोल वाट आहे, चुकायचा प्रश्नच नाही."

फाटकातून पायऱ्या उतरून खाली गेलं की पहिला पूल. पूल संपताना वळून पाहिलं तर अलीकडे एक मोठा कलता दगड, त्यावर बाण. आता हा बाण जाणाऱ्यांसाठी नाही. फेरी पुरी करून दुसऱ्या काठानं जे परत येतात, त्यांना सांगायला, की बाबांनो, झालं तुमचं, पायऱ्या झुडपाआड आहेत, वर चढा आणि घरी जा. म्हणून तो बाण तिरपा, वर तोंड करून. मी म्हटलं, हीच वेळ. घसा खाकरला. "बाबा, एक विचारायचं होतं..."

"थांबा जावईबापू." मागे फिरले, दगडापुढे उभे राहिले, मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर. "याला मान कुठाय? खांदे कुठायत? रंग लावलाय का पुसलाय? आणि हा असा पडल्यासारखा तिरका का?" आणि पिशवीत हात घातला. मला वाटलं चष्मा काढतात. तर निघाले दोन ब्रश, टर्पेंटाइनची बाटली, फडकं, आणि पिवळ्या ऑइलपेंटचा डबा. नवाकोरा. आदल्या दिवशी आणलेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो फोटो पाच मिनिटं का बघत होते ते. निसर्गाची ओढ कुठली... बाणाचा राग!

मी म्हणतोय बाबा, हे सरकारी काम आहे, बाबा, कुणीतरी बघेल... ऐकतोय कोण. टर्पेंटाइननं जुना बाण पुसलासुद्धा. मग खिशातून दोरा काढला, दोऱ्याला लोखंडी नट बांधलेला, तो लोंबकळत धरला, एक डोळा मिटला. "बाण कसा सुतात पाहिजे, आडवा, सरळ रेषेत." मी म्हटलं, "अहो पण तो वर दाखवत होता." तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी कुणाच्या तरी लग्नात चप्पल घालून बोहल्यावर चढलोय. "वर? लोकांना काय आकाशात पाठवायचंय?" आणि खडूनं रेघ मारून, श्वास धरून, दोन वर्षांत ज्या हाताला चमचा धड धरवत नव्हता, त्या हातानं एका दमात असा बाण काढला, तुम्हाला सांगतो... काय बाण होता. टोकदार, भरदार, सुतात. बघितलं की आपोआप निघावंसं वाटावं. फक्त एक झालं. तिरपा होता तोवर पायऱ्यांकडे दाखवत होता. सरळ झाला तो बरोबर पुलाकडे दाखवायला लागला. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय? माझंही लक्ष नव्हतं, मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. जरासुद्धा कापत नव्हता.

मग काय, निघालो. ओढ्याच्या काठानं गर्द झाडी, दगडांवर शेवाळ, पाणी असं खळखळतंय, नजर ठरत नाही, आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवतोय. "बाबा, घर मोठं आहे..." बाण आला. "थांबा." आठ-दहा मिनिटं. पुढे घळ लागली, दोन्हीकडे ओले काळे कडे, मध्ये एक माणूस जाईल एवढीच फट, वरून पाण्याची धार मानेवर, मी जीव मुठीत धरून "बाबा, ती मागची खोली रिकामीच..." बाण आला. "थांबा." बरे होते ते सोडले, फारच वाईट तेवढे अकरा बाण. अकरा वेळा मी तोंड उघडलं आणि अकरा वेळा हातात डबा आला. "जरा धरा. हलवू नका. श्वास कमी घ्या." माझं सोडा हो, माझा श्वास कमी घेऊन यांचा बाण चांगला येतो, हे कुठलं शास्त्र?

दीड तासाची वाट, आम्हाला तीन तास लागले. रंग संपत आला, बाबा खुश, गुणगुणतायत, उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला, वर पुन्हा मागितला, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं आता पोचलो की फाटकापाशी बाकावर बसवून सरळ विचारून टाकतो. आला पूल, आला दगड, दगडावर बाण. असा बाण, की शंका म्हणून घ्यायची नाही. मी म्हटलं, "बाबा, इथून वर जायचं होतं का?" ते म्हणाले, "बाण काय सांगतोय?" मी म्हटलं, "पुलावरून जा म्हणतोय." "मग?" मग काय. सातही पूल एकसारखे, हा कितवा ते कुणी मोजलंय? आणि गोल वाट आहे, चुकायचा प्रश्नच नाही... गेलो.

पाऊण तास चाललो. माझ्या गुडघ्यातून कुलपात चुकीची किल्ली फिरवल्यासारखे आवाज यायला लागले. एका वळणावर बाण दिसला, पिवळाधमक, सुतात. मी म्हटलं, "बाबा, इथलाही कुणीतरी रंगवलाय." बाबा जवळ गेले. मान या खांद्यावर, त्या खांद्यावर. म्हणाले, "हात चांगला आहे." मग अजून जवळ गेले. बोट लावलं, बोटाला रंग आला. बोट नाकाशी नेलं. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, हा माझाच आहे."

मी मटकन खालीच बसलो. आणि बसलोय तोवर मागून ठक ठक काठी टेकत, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ. सकाळी आमच्या पुढे आत गेलेले. मी विचारलं, "तुमचीही दुसरी फेरी?" "तिसरी," म्हणाले. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झालेला, पण सूर कौतुकाचा. "अहो, कितीदा तरी वाटलं की इथून आपण गेलोय. पण बाण काय सुरेख काढलेत यंदा. जुने असते तर मी शंका घेतली असती. या बाणावर शंका कशी घेणार?" बाबांनी मान खाली घातली. आता शरमेनं घातली की सुखानं, ते देवाला ठाऊक.

तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार हातात वही घेऊन धापा टाकत आला. "सकाळपासून सत्तावीस माणसं आत गेलीत. बाहेर आली चार. ती चारही कुठं गेली होती माहितीये? पहिल्या पुलावरूनच कंटाळून परत फिरली होती." म्हणजे हिशेब करा, ज्यांना चालायचा कंटाळा होता तेवढे सुटले, बाकी सगळे बाणाच्या नादानं गोल गोल फिरतायत. मग त्याची नजर गेली बाबांच्या बोटाकडे. पिवळं. माझ्या शर्टाकडे. पिवळा. मी काढता पाय घेणार होतो, पण पाय काढता येत असते तर हवं काय होतं?

बाबा पुढे झाले. "मी रंगवले. जावयाचा दोष नाही. मी सरळ केला, तिरका बघवला नाही मला. लोकांचे हाल झाले, चूक माझी." आणि आवाज पार खाली गेला त्यांचा. आता घरी जाऊन हा माणूस पुन्हा त्या खिडकीत बसणार, आणि या वेळी औषधाच्या दुकानाशीसुद्धा भांडणार नाही. आणि मी बायकोला तोंड काय दाखवू? विचारलं तर नाहीच, वर सासऱ्यांच्या नावानं तक्रार लिहायची वेळ आणली.

रखवालदार बाणाकडे बघत राहिला. मग वहीकडे. मग पुन्हा बाणाकडे. वैतागून म्हणाला, "आता करायचं काय? या वाटेवर बाण एकोणपन्नास. अकरा असे, अडतीस तसे. लोकांना वाटणार दोन वेगळ्या वाटा आहेत. म्हणजे एकतर हे अकरा खरवडून काढा, नाहीतर उरलेले अडतीस यांच्यासारखे करा. मी शेजारी उभा राहून सांगेन, कुठला तिरका ठेवायचा ते. आधी तो पुलाजवळचा."

"अडतीस?" बाबा म्हणाले.

तुम्हाला सांगतो, एखाद्याला शिक्षा सुनावली आणि त्याचा चेहरा असा उजळला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पिशवी आवरत आवरत मला विचारतात, "माझ्याकडून इथं यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. तुमच्याकडून?" मी म्हटलं, "एकच." "ती तुमची मागची खोली... तिला खिडकी आहे ना? रंगाचा वास कोंडायला नको." मी म्हटलं, "आहे, मोठी आहे." "मग येतो तिकडेच राहायला." संपलं. अकरा वेळा तोंड उघडलं मी, आणि विचारलं कुणी? त्यांनीच. मला.

घरी आलो तर बायको दारातच. "विचारलंत?" मी म्हटलं, "बाबा येतायत." दाराची चौकट धरून उभी राहिली, रडली, मग म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते? जावयाचा शब्द मोडवत नाही." मी खाली वाकून बूट सोडायला लागलो. कुठं सांगत बसणार, की जावयाचं वाक्य त्या जंगलात पुरं झालंच नाही म्हणून. आणि खरं सांगू? तिला इतकी खुश मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. म्हटलं, जाऊ दे गुडघे.

तेव्हापासून दर रविवार. बाबा पुढे, मी मागे डबा धरून, श्वास कमी घेत. चार-चार, पाच-पाच बाण. मी भिंतीवर रेघा मारत होतो, अडतीस झाले की सुटलो. परवाच्या रविवारी अडतिसावा झाला. मी डबा खाली ठेवला, पाठ सरळ केली, पायऱ्यांकडे बघून डोळे भरून आले माझे. आणि बाबा... बाबा पुलापाशी गेले. त्या पहिल्या बाणापुढे उभे राहिले. मान या खांद्यावर. मान त्या खांद्यावर.

"जावईबापू," म्हणाले, "हा जरा फिका पडलाय."

मी मुकाट्यानं डबा उचलला. काय करणार? गोल वाट आहे हो... संपायचा प्रश्नच नाही.