विसाव्याच्या खिंडीतली जीप

ऐका. जवळ सरका सगळे, जाळ लहान आहे आणि थंडी मोठी आहे. आणि गोविंदा, तू मघाशी काय म्हणालास? आत्ता निघतो, खिंडीतून उतरलो की पोचलोच? बस खाली. आधी ऐक. मग जायचं तर जा, मी अडवणार नाही.

तुळशीराम उघडे म्हणून एक माणूस होता. आपल्याच वरच्या वाडीचा. पाच वाड्यांत मिळून गाडी एकच, ती त्याची. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. दारं नाहीत, वर फाटकी ताडपत्री, हॉर्न मनात आलं तर वाजायचा. पण चारी चाकांनी ओढायची! गेअरशेजारी एक आखूड दांडा होता. तो रेटला की पुढची चाकंही जोर लावायची, आणि ती जीप बोकडासारखी उभी चढण चढायची. बाळंतीण असो, वऱ्हाड असो, तापानं फणफणलेलं पोर असो, तुळशीराम आणि त्याची जीप. दुसरं होतं काय आपल्याकडे?

डिझेलचा काटा मात्र कधीच मेलेला. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. तुळशीराम सीट उचलायचा, झाकण काढायचा आणि बांबूची एक कामटी आत घालायचा. कामटीवर सुरीनं खुणा पाडलेल्या. निघताना एकदा, पोचल्यावर एकदा. सपाटीला लिटरमागे अकरा किलोमीटर देते, चढाला सात, चिखलात पाच. सगळं तोंडपाठ. त्याची बायको म्हणायची, "माझ्या पोटात काय गेलं ते कधी इचारलं न्हाई, आन् हिच्या पोटात रोज काडी घालून बघता!" हसू नका रे. त्याच हिशेबानं त्या रात्री त्याला खिंडीत नेलं. ऐका.

तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं, शाळेच्या खोल्यांत. आदल्या रात्री त्यानं एक वऱ्हाड पोचवलेलं, त्याच्या आदल्या रात्री एक बाळंतीण. वर दिवसभर शिबिराच्या म्हाताऱ्यांची ने-आण. डोळ्याला डोळा लागला नव्हता बिचाऱ्याच्या. पापण्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. शेवटी एकच पेशंट उरला, त्याची सख्खी मावशी. ठकूमावशी. एक डोळा तिचा लहानपणीच देवीच्या आजारात गेलेला, आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याच्यावर ही जाड पट्टी. म्हणजे म्हातारी त्या दिवशी ठार आंधळी. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मावशी म्हणाली, "इथं परक्या जागी नगं बाबा. घरी चल."

तुळशीरामनं कामटी घातली. डिझेल थोडकंच. धरणाला वळसा घालून मोठ्या रस्त्यानं जायचं तर पुरणार नाही, वाटेतच बसावं लागणार. पंपावर गेला तर पंपावरचा माणूस म्हणतो, "टँकरच आला नाही, उद्या या." आता? जुनी खिंडीची वाट निम्म्यानं जवळ. चढ धरला तरी तेवढ्या डिझेलात पोचून वर उरतं. तुळशीराम म्हणाला, "मावशी, खिंडीतून जाऊ."

म्हातारीनं गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "विसाव्यापाशी थांबू नको म्हंजी झालं."

आता विसावा म्हणजे काय, ते तुम्हा पोरांना ठाऊक नसेल. पूर्वी गाड्या नव्हत्या. हिरड्याची पोती डोक्यावर घेऊन माणसं ती खिंड चढायची. मध्ये एक धोंडा आहे, छातीइतका उंच. त्याच्यावर ओझं टेकवायचं, दम खायचा, पुढे जायचं. पण पोतं डोक्यावरून उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो. एकट्याला जमत नाही, मान मोडते. तर म्हणे एक गडी मागं राहिला. एकटाच. धोंड्यापाशी आला, हात लावायला कुणी नाही. उभा राहिला वाट बघत. रात्रभर उभा. सकाळी लोकांना उभाच सापडला, धोंड्याला टेकून, पोतं डोक्यावर. तसाच गेलेला! नाव कुणाला ठाऊक नाही त्याचं.

तर जीप निघाली. तुळशीराम पुढे, मावशी मागच्या समोरासमोरच्या बाकांपैकी उजव्या बाकावर, ताडपत्रीला पाठ लावून, बरोब्बर त्याच्या मागं. गोधडी गुंडाळून बसलेली. वाट सगळी ओढ्याच्या काठानं. ओढा उजव्या हाताला, खोल घळीत. थेट आपल्या वाडीपर्यंत उजव्याच हाताला. चांदणं नाही. दिव्याचा उजेड दहा पावलांवर मरत होता. इंजिन घुमतंय, डोळे मिटतायत. तुळशीराम स्वतःच्या मांडीला चिमटे काढतोय.

आणि विसाव्याच्या धोंड्यापाशी एक माणूस उभा!

डोक्यावर भलं मोठं पोतं. मान खाली. म्हणतो, "दादा, जरा हात लावा. लई दमलोय."

आता तुळशीराम तसा शहाणा माणूस. पण दमलेल्याला दमलेल्याची दया येते बघा. गाडी हळू केली आणि तोंडातून निघून गेलं, "टाक मागं ओझं, आन् बस."

बोलावलं! स्वतःच्या तोंडानं बोलावलं!

वळून बघतो तर धोंड्यापाशी कुणी नाही. त्याला वाटलं, झोपेत दिसलं. गाडी पुढे काढली. पण ती जीप, अहो, मागून बसली! दहा पोती भरल्यासारखी. पहिल्या गेअरलाही रडायला लागली. तुळशीरामनं ॲक्सिलरेटर दाबला, ती फक्त कण्हली. मागं बघितलं. मावशी एकटी, गोधडीत.

"मावशी, बरी हायेस का?"

"बरी हाय. तू पुढं बघ."

पुढे बघितलं. तर विसाव्याचा धोंडा.

पुन्हा? ओलांडला. वळण घेतलं, चढ चढला. परत धोंडा! या खेपेला धोंड्याखाली चूल पेटलेली, चहाचा वास, आणि शेजारी बाज. बाजेवर गोधडी अंथरलेली, उशाला दुमडलेलं घोंगडं. माणूस नाही कुणी. नुसता आवाज, "ये. टेक जरा."

काय सांगू तुम्हाला, त्याला भीती वाटली नाही. रडू आलं. त्या बाजेवर आडवं व्हावं, एवढीच इच्छा. पाय ब्रेककडे निघालासुद्धा. मागून मावशी म्हणाली, "थांबू नको रे." तेवढ्यावर गेला पुढे.

आणि मग त्याला घर दिसलं. स्वतःचं घर! ओटा दिसला, ओट्यावरचा कंदील दिसला. दारात बायको, पदर सावरत उभी. म्हणाली, "आलात का? अंथरूण टाकलंय."

सुटलो! तुळशीरामनं गाडी थेट अंगणाकडे वळवली. अंगण हे समोर. आणि मागून त्याच्या मानेला बोटं रुतली. मावशीनं गच्च कॉलर धरलेली, आणि ओरडली, "ब्रेक मार! ब्रेक मार, मुडद्या!"

मारला. गाडी थांबली. दगड घरंगळल्याचा आवाज आला. खाली, खाली, आणखी खाली. मग पाण्यात डुबुक.

"आगं, घर आलंय आपलं," तो म्हणाला.

"कसलं घर? वढा उजवीकडं वाजाया पायजे. ह्यो समूर वाजतोय. खाली वाजतोय!"

डोळे चोळले त्यानं. घर नाही. कंदील नाही. पुढचं एक चाक घळीवर, हवेत. चकवा, दुसरं काय! आणि मावशी म्हणाली, "मगापासून सांगीन म्हंते. तू सारखा डाव्या अंगालाच वळतुयास. माझी पाठ सारखी ताडपत्रीला दाबली जातीय. गोल फिरतुयास तू, बाबा."

तुळशीरामनं सीट उचलली. कामटी घातली, काडी पेटवून बघितली. तळाची खूण ओली, बाकी कोरडी! धोंड्यापासून फर्लांगभर सरकले नव्हते, आणि डिझेल मात्र अख्खी खिंड ओलांडावी एवढं गेलेलं. डोळे खोटं सांगतील, पण त्याची जीप त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तेव्हा कुठे त्याला खरं वाटलं. आणि माणूस मोडला. स्टेअरिंगवर डोकं टेकून म्हणतो, "मावशी, मला झोपू दे. काय व्हायचं ते होऊ दे. मी लई दमलोय गं."

कानाशी दुसरा आवाज आला, अगदी मायेनं, "मी पण."

मावशीनं त्याचं डोकं मागून वर ओढलं. "झोप घरी. आता मफलर काढ, आन् डोळ्याला बांध. तुझं डोळं त्येच्या मुठीत गेल्यात. माझ्याकडं डोळंच न्हाईत, मला त्यो काय दावनार? लहानपणी ह्या वाटेनं मी डोक्यावर हिरडा वाह्यलाय. वढ्याचा आवाज धरून चलायचो आम्ही अंधारात. मी सांगती तसं चालव."

डोळे बांधून खिंडीत गाडी! ऐकलंयत कधी? पण बांधले त्यानं. आखूड दांडा रेटला. रिव्हर्स टाकला. मागच्या चाकांनी माती धरली, पुढचं एक चाक काठाला खरवडत, खरवडत वर आलं. मग पहिला गेअर. माणूस चालेल त्या चालीनं.

"जरा डावीकडं. बास. सरळ. पाणी लांब ग्येलं, थोडं उजवीकडं घे. आरं थोडं! हां. सरळ."

आणि दुसऱ्या कानाला तो. "दादा, थांबा की. टेकू द्या की जरा." कधी बायकोचा आवाज, कधी मेलेल्या आईचा. "बाळ, किती दमलास." तुळशीरामची मान खाली पडायची. डोळे तर बांधलेलेच, झोप सोपी! मावशीला ते कळायचं, गाडी डुलायची ना. मग ती ओरडायची, "सपाटीला किती देती रं तुझी गाडी?"

"अकरा."

"चढाला?"

"सात."

"मोठ्यानं सांग! चिखलात किती?"

"पाच!"

"परत सांग!"

सांगत राहिला तो. अकरा, सात, पाच. अकरा, सात, पाच. रामनाम घ्यावं तसं. ठरलेलं उत्तर असलं की माणसाला धरायला काही राहतं. जीप कण्हत होती, रेडिएटरची वाफ तोंडावर येत होती, मागची स्प्रिंग करकरत होती. किती वेळ, देव जाणे.

मग लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग दुसरं. मावशी म्हणाली, "आपलीच कुत्री. भूत माणसाचं सोंग घेतं, कुत्र्याचं घेता येत न्हाई त्याला. चल!"

आणि वाडीच्या शिवेवर, जिथं राखणदार देवाचा शेंदरी दगड आहे तिथं, मागं धप्प असा आवाज झाला. काहीतरी जड पडलं. जीप एकदम हलकी झाली, उधळलेल्या वासरासारखी पुढे उडाली! तुळशीरामनं मफलर ओढून काढला. खरी घरं, खरा उतार. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं. टाकी कोरडी. गाडी उतारानं घरंगळत आली ती पहिल्या घराच्या कुडाला लागून थांबली. आणि तुळशीराम तिथंच, स्टेअरिंगवर झोपला. चार माणसांनी उचलून नेला, तरी जागा झाला नाही.

सकाळी लोक वर गेले. धोंड्याभोवती चाकांची रिंगणं, एकात एक. माती लोण्यासारखी मळलेली. मी बघितलीत ती. ह्या डोळ्यांनी.

आता शेवटचं ऐका. मावशीला त्या दिवसापासून उठता येईना. तुळशीरामला वाटलं, म्हातारी घाबरली असेल. त्याच्या बायकोनं अंघोळीला नेलं तर मावशीच्या दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या. आणि त्यावर गोणपाटाची वीण उमटलेली. धागा न् धागा. बायकोनं तुळशीरामला हाक मारली, तो दाराशी आला. म्हणाला, "मावशी, हे काय?"

म्हातारी म्हणाली, "तूच म्हनालास ना त्याला, मागं टाक ओझं. त्यानं टाकलं. माझ्या मांडीवर. सगळी वाट त्यो माझ्या समूर बसला व्हता, गुडघ्याला गुडघा लावून. थंडगार."

"आगं, मग बोलली का न्हाईस?"

"बोलली असती तर तू भिऊन गाडी थांबवली असतीस. आन् खरं सांगू का? लई वर्सांनी बसला व्हता रं बिचारा. रडत व्हता."

महिन्याभरानं हिंडूफिरू लागली ती. डोळाही छान आला. पण तुळशीरामनं ती वाट सोडली ती सोडलीच. डिझेल दुप्पट जाऊ दे, धरणाचा वळसा घालायचा.

तुम्हीही घाला. दिवसा काय ते जा, रात्री त्या वाटेला लागू नका. आणि वेळ आलीच, धोंड्यापाशी कुणी म्हणालं, दादा जरा हात लावा, तर ओ देऊ नका. दया आली तरी नको. दमलेला असलात तर मुळीच नको. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

गोविंदा, ते घोंगडं घे आणि पड इथंच. सकाळी जा.