नवी नळी आणि शेजारची शांता

नवऱ्यानं दुसरीच्या अकलेची तारीफ केली तर हसून सोडून द्यावं म्हणता, पण मला नाही बाई जमलं.

आमच्या यांचं नांदेडात घरातच बंदूक दुरुस्तीचं दुकान. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, रायफलीला यांनी नवी नळी बसवली, तर बार उडाला की गोळीची रिकामी पुंगळी आतच अडकून बसायची. दुसरी गोळी भरताच येईना. साहेबांनी बजावलं, "शाम तक ठीक करो, नहीं तो दुकान बंद!" मी लेकराला छातीशी धरून रडकुंडीला आले.

तेवढ्यात शेजारची शांता आली. उदगीरची ती, बाप बंदुकीचा कारागीर. आत डोकावून म्हणाली, "भावजी, नव्या नळीला कारखान्याचं चिकट वंगण असतंय. गोळी बसती तिथलं तुमी पुसलंच न्हाई."

"वा वहिनी! काय डोकं हाय!"

चार वर्षांच्या संसारात माझ्या डोक्याला हे फक्त "तेल लाव" म्हणाले होते.

तिनं मऊ फडकं मागितलं. मी मुद्दाम गोणपाट दिलं. यांनी ते फेकलं आणि लेकराचा धुतलेला लंगोट घेऊन पुसत बसले.

नदीकाठी तीन बार काढून पाहिले. पुंगळ्या चटाचट बाहेर! संध्याकाळी हे ठाण्यावरून खुशीत आले.

"साहेबांनी विचारलं, ये किसका दिमाग है?"

"मग? तिचंच नाव सांगितलं असंल."

"छ्या! म्हटलं, माझंच."

खोटं बोलून आलेल्या नवऱ्याला मी साजूक तुपातला शिरा करून घातला. शांताकडे वाटीभरसुद्धा पाठवला नाही.